अवधाण

निपाणी,
५ नोव्हेंबर २०२३

प्रिय शेवंताआत्तीस,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकवणं. परवा "बरी आहेस का" एवढं विचारायला मी इतकी ओरडले, की खालच्या मजल्यावरचे काका काय झालं म्हणून वर आले. मागांच्या खडखडाटानं तुझे कान नेले, आणि मोबाईलवरची अक्षरं तुला मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

माझ्या गळ्यात गाठी आल्यात, आत्ती.

जबड्याच्या खाली दोन्ही बाजूंना, आणि एक कानामागून खाली उतरताना. वाटाण्याएवढ्या. दुखत नाहीत, बोटाखाली सरकतात. उन्हाळ्यात अंघोळ करताना पहिल्यांदा हाताला लागल्या, तेव्हा सर्दी झाली असेल म्हणून सोडून दिलं. सर्दी गेली, पावसाळा गेला, गाठी आहेत तिथंच आहेत. आता शाळेत फळ्यावर गणित मांडताना माझ्या एका हातात खडू असतो आणि दुसरा हात गळ्यावर. सातवीच्या पोरी माझ्यासारखा गळा धरून एकमेकींना हसवतात, हे मी पाहिलंय.

मी कशाला घाबरते ते तुला ठाऊक आहे. आईचं असंच सुरू झालं होतं ना? मी पहिलीत होते. एवढंच आठवतं, की भर उन्हाळ्यात ती गळ्याभोवती पदर घेऊन बसायची आणि मला मांडीवर घ्यायची नाही. पुढचं सगळं तू केलंस. तिचंही आणि माझंही.

आप्पांना सांगितलेलं नाही. बुद्धप्रियलाही नाही. तो बेळगावला उद्यमबागेत फाउंड्रीच्या धगीत राबून संसाराची जुळवाजुळव करतोय आणि मी त्याला हे आंदण देऊ? मेमधलं लग्न पुढे ढकलू म्हणून सांगणार आहे. कारण काय सांगायचं, ते तूच सुचव.

तुझी,
करिष्मा


वडगाव, बेळगाव
१२ नोव्हेंबर २०२३

चि. करिष्मास अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, आता हसत लिहायला बसले आहे. लग्न पुढे ढकलायला कारण सुचव म्हणे! सुचवते. नवरी बिनडोक निघाली, असं सांग.

अगं, गणिताची बाई झालीस आणि अवधाण म्हणजे काय ते विसरलीस? मागच्या दारी तुझ्या पायात खिळा घुसला होता, तेव्हा जांघेत केवढी गाठ आली होती. पाय दुखतोय तर जांघ का सुजली, म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. शेजारच्या मनुबाईनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "काय न्हाय गं, अवधाण आलंय. जखम बरी झाली की बसंल आपोआप." आणि बसलं. तुमच्या पुस्तकात अवधान म्हणजे लक्ष असं लिहितात ना, तेच असणार हे. अंगाला कुठं लागलं की अंगाचं लक्ष तिकडं जातं, आणि वाटेत गाठ उभी राहते.

तुझ्या गळ्यातल्या गाठींची माझी ओळख जुनी आहे. तू चौथीत होतीस तेव्हापासूनची. दर हिवाळ्यात तुझा घसा धरायचा, गिळता यायचं नाही, मी मिठाच्या पाण्याची चूळ भरायला लावायचे आणि तू माझ्या लुगड्यावर थुंकायचीस. रविवारी तेल लावताना माझी बोटं गळ्यावरून फिरायची तेव्हा त्या लागायच्या. तुला आत्ता सापडल्या, एवढंच.

तुझ्या आईचं, रूपालीचं वेगळं होतं, बाळ. तिचं अंग मी पुसायचे, म्हणून मला माहीत. तिच्या गाठी बघता बघता वाढत होत्या. ताप हटत नव्हता, घामानं चादर पिळून काढावी लागायची, आणि खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. टीबी समजून आधी भलतीच औषधं झाली आणि त्यात वेळ गेला. तुला यातलं काय होतंय? काही नाही ना? तरीसुद्धा डॉक्टरला दाखव. माझ्या बोटांवर विसंबू नकोस, ती सुताची बोटं आहेत. आणि बुद्धप्रियला सांग. पोरगा भट्टीसमोर उभा राहतो, तुझ्या वाटाण्यानं भाजणार नाही.

माझ्याही जबड्याखाली सध्या एक अवधाण आलंय. खालची दाढ हलतेय, तिचं. मशेरी लावून लावून दात घालवलेस म्हणून तू मागं शिव्या दिल्या होत्यास, त्या आठवल्या.

तुझ्या आप्पाला, धर्माला म्हणावं, बहिणीकडे कधी फिरकत जा.

तुझी आत्ती,
शेवंता


निपाणी,
१७ डिसेंबर २०२३

प्रिय आत्ती,
जय भीम.

गेले बाई एकदाची डॉक्टरांकडे. नाक-कान-घशाच्या आहेत, बागलकोटकडच्या. त्या कन्नडमधून विचारत होत्या आणि मी मराठीतून रडत होते. रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी झाली. त्यांनी बोटांनी इतका वेळ चाचपलं की मला तुझी तेलाची वाटी आठवली.

त्या म्हणाल्या, अशा गाठी प्रत्येकाच्या गळ्यात असतात, फक्त हाताला लागत नाहीत. घसा, दात, कान, अगदी डोक्यातला फोड, कशाशीही झुंजायची वेळ आली की त्या फुगतात. झुंज संपली की बहुतेक बसतात. काही थोड्या फुगलेल्याच राहतात, आणि लहानपणी ज्यांचा घसा सारखा धरायचा त्यांच्या तर हमखास. मी त्यांना मनुबाईचं अवधाण सांगितलं. त्यांनी तो शब्द पुन्हा म्हणायला लावला आणि म्हणाल्या, हेच ते, आम्ही यालाच इंग्रजी नाव देतो. सुईची तपासणी आत्ता नको, मार्चमध्ये पुन्हा दाखवा म्हणाल्या.

मग घाबरायचं कधी, असं मी विचारलं. गाठ दगडासारखी कडक लागली, जागची हलेना, दिसामासांनी वाढत गेली, नाहीतर गळ्याच्या खालच्या हाडाशी आली, तर थांबायचं नाही. ताप, घाम, वजन उतरणं सोबत असेल तरी थांबायचं नाही. आणि तोंडात न भरणारी जखम असेल तर मुळीच नाही. दुखत नाही म्हणजे चांगली, असं मी इतके दिवस समजत होते. ते उलटं आहे, आत्ती. दुखणारी गाठ पुष्कळदा साधी असते.

एवढं सगळं समजलं तरी हात गळ्यावर जायचा थांबत नाही. दाबून दाबून कातडी लाल झाली आहे. डॉक्टर रागावल्या, सारख्या चिवडाल तर त्या बिचाऱ्या बसतील कशा? डोक्याला पटलंय, बोटांना पटत नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडते आणि आईची आठवण येऊन तसाच बंद करते.

तुझ्या दाढेचं काय झालं? हात लावून बघ आणि नीट लिही. मऊ की कडक, हलते की नाही. खोटं लिहू नकोस.

तुझी,
करिष्मा


वडगाव,
९ जानेवारी २०२४

चि. करिष्मास आशीर्वाद.

लिहिते बाई. मऊ आहे. हलते. हरभऱ्याएवढी आहे. झालं समाधान?

दाढ काढून टाकली. तिथली जागा भरायला जरा वेळ लागतोय, म्हणून भाकरी आमटीत कुस्करून खाते. मशेरीही सुटली. आता तुझ्या शिव्यांना काम राहिलं नाही.

डबा तसाच बंद करतेस, हे मात्र मला खपणार नाही. रूपालीनं जाताना माझ्या हातात तुझा हात दिला तो काय उपाशी ठेवायला? तू जेवली नाहीस तर मी हा जन्म कशात घालवला? मी चिडून लिहितेय असं समजू नकोस. तुझ्या गाठींची मला भीती वाटत नाही, तुझ्या भीतीची वाटते.

ऐक. मागावर धागा तुटला की गाठ मारावी लागते. बारीक मारलेली गाठ फणीतून पार होते आणि कापडात दिसतही नाही. नवीन आलेली बाई मात्र प्रत्येक गाठ चाचपत बसते, नखानं उकरते, आणि बरोबर तिथंच धागा पुन्हा तुटतो. तुझ्या गाठी फणीतून कधीच पार झाल्यात. आता उकरू नकोस. हाताला काहीतरी काम दे. भरतकाम कर, कणीक मळ, नाहीतर वर्गातल्या त्या हसणाऱ्या पोरींचे कान पीळ.

मीही हाताला काम लावून घेतलंय. आण्णाप्पा मालकांच्या शेडमागं एक जुना हातमाग धूळ खात पडला होता. पॉवरलूमची पाळी संपली की त्यावर बसते. पांढरी साडी आणि निळा काठ. विहारात तू ती नेसून उभी राहायचीस. शेडमधली मालुबाई म्हणते, "शेवंताक्का, या वयात हातमाग? खुळी झालीस का काय?" मी तिला म्हटलं, "आगं, ह्यो आवाज बारीक असतोय. बहिऱ्या बाईला बरा."

लग्न मेमध्येच. ढकलाढकल चालणार नाही.

तुझी आत्ती


निपाणी,
११ मार्च २०२४

प्रिय आत्ती,
जय भीम.

आज तुला लाडू पाठवावेत असं वाटतंय, पण तुझ्या दाढेच्या खिंडारात अडकायचे. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. गाठी होत्या तेवढ्याच आहेत, केसाइतक्याही वाढलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, या कदाचित आयुष्यभर राहतील, त्यांना राहू दे. आणि गंमत म्हणजे मला ते ऐकून बरं वाटलं. दवाखान्यातून निघाले ती सरळ बाजारात गेले, भजी खाल्ली, मग आठवलं की आज गळ्याला हातच लावला नाही.

हे डॉक्टरांच्या औषधानं झालेलं नाही, कारण त्यांनी औषध दिलंच नव्हतं. तुझ्या पत्रांनी झालं. जानेवारीचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटत आलंय.

बुद्धप्रियला सगळं सांगितलं. तो रुसला, पण गाठींवर नाही, इतके दिवस लपवलं म्हणून. लग्न बुद्धपौर्णिमेला, तेवीस मेला ठरलं. आप्पा स्वतः येऊन तुला सांगणार आहेत.

आता तुझी खबर. बुद्धप्रिय तुझ्याकडे जेवून आला आणि मला म्हणाला, "आत्तींनी मला लई आग्रहानं वाढलं, पण सोता न्हाय जेवल्या. उपास हाय म्हणल्या." उपास? तू? आपली माणसं पिढ्यान् पिढ्या उपाशीच होती, आता पोटाला मिळतंय तर हौसेनं कशाला उपाशी राहायचं, असं म्हणून तू मालुबाईच्या शनिवारची टिंगल करायचीस ना? मला संशय आहे. माझ्या गाठींसाठी काही नवस-बिवस बोलून बसलीस की काय? तसं असेल तर आता सोड. मी ठणठणीत आहे.

आणि तो म्हणाला, एवढ्या उकाड्यात तू गळ्याभोवती पदर गुंडाळून बसतेस. मागावर असं बसत जाऊ नकोस. कुठं अडकला म्हणजे?

तुझी,
करिष्मा


वडगाव,
२६ मार्च २०२४

चि. करिष्मास आशीर्वाद.

पकडलंस मला. उपास तुझ्यासाठीच धरला होता. म्हातारपणी माणूस जरा हळवं होतं. आता तू बरी आहेस तर सोडीन.

तारीख ठरली, फार बरं वाटलं. धर्मा आला होता. माझ्याकडे बघत बसला, बोलला काही नाही. त्याचं बोलणं तसंही मला कधी ऐकू येत नाही.

साडी अर्ध्याच्या पुढे गेली आहे. लग्नाच्या आधी तू इकडे येऊ नकोस. नवरीनं साडी आधी बघितली की अपशकुन होतो.

पत्र थोडक्यात लिहिते, कान ठणकतोय.

तुझी आत्ती


बेळगाव, दवाखाना
२ एप्रिल २०२४

आत्ती,

तू झोपली आहेस. मी तुझ्या खाटेशेजारी बसून लिहितेय. उठलीस की वाच. ओरडून सांगायला इथं बंदी आहे आणि मला आज फक्त ओरडायचंय.

तू अपशकुन हा शब्द लिहिलास आणि मी मिळेल ती बस पकडली. मांजर आडवं गेलं की मुद्दाम त्याच वाटेनं जाणारी तू. माझ्या बारशाला काळा दोरा बांधू दिला नाहीस म्हणे. तू अपशकुन लिहितेस, म्हणजे तुला मी यायला नको होते. बसमध्ये संकेश्वरच्या पुढं कधीतरी मला पदराचं आठवलं. आईही पदर घ्यायची. मी हे स्वतःच्या हातानं तुला लिहिलं होतं, आणि चार महिन्यांनी बुद्धप्रियनं तेच सांगितलं तर मी तुला मागावर पदर जपायला सांगितलं.

शेडच्या मागं तू मागावर वाकलेली होतीस. मी हाक मारली, अर्थातच तुला कळलं नाही. म्हणून मागून येऊन मी तुझ्या गळ्यात हात टाकला. आत्ती, दगड लागला गं माझ्या हाताला. जबड्याखाली, तुझ्या मुठीएवढा. हलत नव्हता.

मऊ आहे. हलते. हरभऱ्याएवढी आहे. तुझ्याच अक्षरात लिहिलंय. ते पत्र माझ्या पर्समध्ये आहे.

डॉक्टर म्हणतात गालाच्या आतून सुरू झालंय, मशेरी ठेवायचीस त्याच जागी. दाढ त्यामुळंच हलली होती. काढली ती जागा म्हणून भरली नाही. कान ठणकतो तोही त्यामुळंच. डॉक्टरांनी मला विचारलं, तोंडात जखम होती हे घरात कुणालाच माहीत नव्हतं का? मी काय सांगू? मी सांगू का, की होतं, मीच पत्रातून कळवलं होतं की अशी जखम असली तर थांबायचं नाही, आणि ते पत्र वाचून ती साडी विणत बसली?

तू माझा जीव वाचवला नाहीस, आत्ती. माझा जीव धोक्यात नव्हताच. तू माझी नुसती भीती घालवलीस आणि त्याच्या बदल्यात हे दिलंस. हा हिशोब कुठल्या शाळेत शिकलीस?

उठलीस की उत्तर दे. खरं लिही.

करिष्मा


दवाखाना,
३ एप्रिल २०२४

बाळ करिष्मा,

खरं लिहिते.

माझ्या बोटांना सुरुवातीलाच कळलं होतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा माझी गाठ तुझ्यापेक्षा मोठी होती आणि जागची हलत नव्हती. सुताची बोटं आहेत, त्यांना बारीक गाठ आणि अडकणारी गाठ यातला फरक कळतो. तरी मी अवधाण म्हटलं. दाढेचं आहे, दाढ गेली की बसेल. तो शब्द फार चांगला आहे गं. मनुबाईच्या तोंडचा, घरातला. म्हटला की बरं वाटायचं. आणि खोटाही नव्हता. जखम तोंडात होती, गाठ तिच्याकडेच बोट दाखवत होती. मी बोटाकडे बघत बसले, जखमेकडे बघितलं नाही.

तुझ्यासाठी लपवलं असं मीही स्वतःला सांगितलं. तू तुझ्या वाटाण्यानं वाळत होतीस, त्यात माझा दगड तुझ्या अंगावर कुठं टाकू, असं वाटायचं. ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. मला भीती वाटली, करिष्मा. रूपालीला मी शेवटपर्यंत पाहिलं आहे. ती सुई, तो वास, केस गळून उशीवर पडलेले. तुला समजावायला मी पत्र लिहायचे आणि लिहून झालं की स्वतःच वाचायचे. तुला धीर देताना मलाही येत होता. तू बरी होत गेलीस तशी मीही बरी होतेय असं वाटत गेलं. अडाणी म्हण, काय हवं ते म्हण.

तुझ्याकडून काही चुकलं नाही. तू विचारलंस, मी खोटं सांगितलं. एवढंच झालं आहे. पुढं आयुष्यभर हे उगाळत बसू नकोस, नाहीतर माझी सगळी पत्रं वाया जातील.

मोठे डॉक्टर कागदावर लिहून सांगून गेले. गाल, जबडा आणि जिभेचाही भाग काढावा लागेल. बोलता येणार नाही बहुतेक. मी हसले तर त्यांना वाटलं मला समजलं नाही. अहो, ऐकू येणं गेलं, आता बोलणं जाईल. हिशोब सरळ झाला.

माझं एक ऐक. लग्न पौर्णिमेलाच. मी विहारात येऊ शकले नाही तरी. ती साडी मालुबाईला पुरी करायला सांग. तिला म्हणावं, काठ ओढू नकोस.

तुझी आत्ती


दवाखाना,
२४ मे २०२४
(ऑपरेशननंतर, एकाच कागदावर, आळीपाळीनं)

आत्ती, बघ. काल हीच नेसले होते. आज तुला दाखवायला पुन्हा नेसून आले. बुद्धप्रिय बाहेर उभा आहे, आत यायला लाजतोय. भन्तेजींनी तुझं नाव घेतलं तेव्हा आप्पा रडले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.

धर्मा मोठ्यानं रडला, आणि तेवढंच नेमकं मला ऐकायला मिळालं नाही. जवळ ये. पदर दे हातात.

का? काय बघतेस?

इथपर्यंत माझा हात. इथून पुढं मालूचा. काठ ओढलाच तिनं.

कुणालाही कळलं नाही. आप्पांच्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनी विचारलं, कुठल्या दुकानातली.

मला कळतंय. असू दे. आता खाली बस. मान इकडं कर.

आत्ती, माझं सोड ना आज.

गप. कर मान. आहेत. तेवढ्याच आहेत. मऊ. हलतात. हे खरं लिहिलंय.


वडगाव,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्ती,
जय भीम.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. पत्ता आता दोघींचा एकच आहे. बुद्धप्रियच्या कामाला जवळ पडतं म्हणून आम्ही तुझ्याच खोलीत राहायला आलो, असं लोकांना सांगते. खरं कारण ते नाही. मलाही इकडच्या शाळेत काम मिळालं आहे. सकाळी शेजारचे माग सुरू झाले की भांडी थरथरतात आणि बुद्धप्रिय मला काय म्हणतो ते ऐकू येत नाही. तू इतकी वर्षं कशी काढलीस याचा रोज विचार करते.

तू गेलीस त्याला आता दीड महिना होईल. शेवटी तू लिहायचीही थांबलीस. नुसती बोटं हलायची, चादरीवर, धागा चाचपल्यासारखी. मालुबाई म्हणाली, "गाठ मारतीया बघ." मी तुझ्या हातात माझं बोट दिलं, आणि तू ते धरून ठेवलंस.

मालुबाईची मशेरी मी बंद केली आहे. म्हणजे डबी काढून घेतली, ती दुसरी आणते, मी तीही काढून घेते. गेल्या रविवारी तिला आणि शेडमधल्या बायकांना तोंड तपासायला घेऊन गेले. एकीच्या गालात पांढरा डाग निघाला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आल्या. ती बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, आणि मला तिचा राग आला. तिला वेळेवर आणणारं कुणी होतं म्हणून. मग रागाची लाज वाटली आणि मीही तिच्याजवळ बसले.

काल माझाही गळा दाखवून आले, वर्ष झालं म्हणून. बेळगावचे डॉक्टर नवीन आहेत, त्यांना आपलं काही माहीत नाही. त्यांनी चाचपलं आणि म्हणाले, बारीक गाठी आहेत, जुन्या दिसतात, काळजीचं कारण नाही. लहानपणी घसा धरायचा का? मी म्हटलं, हो, दर हिवाळ्यात. मिठाच्या पाण्याची चूळ भरायला लावायची आत्ती.

मी आता घाबरत नाही. तरी रोज रात्री निजताना एकदा हात गळ्यावर जातो. तू तेल लावायचीस तसा, कानामागून खाली. उकरत नाही, फक्त आहेत का बघते. तुला ज्या ओळखीच्या होत्या, त्यातलं एवढंच माझ्या अंगावर उरलंय.

मनुबाई म्हणाली होती ना, जखम बरी झाली की बसंल आपोआप.

बसलं नाही, आत्ती. अजून आहे.

तुझी,
करिष्मा